तस्दीकेचं जोडकार्ड

आमच्या पेशकारांनी स्वतःच्या सख्ख्या मुलीला कार्ड पाठवून विचारलं होतं, की आपलं पत्र पोहोचलं, परंतु ते आपणच लिहिलं आहे काय? मुलगी लग्न होऊन नुकतीच सासरी गेलेली. पत्ता नवा, आडनाव नवं, आणि पाकिटावरचं अक्षर नवऱ्याचं. पेशकारांच्या वहीत यातलं काहीच नव्हतं, म्हणून पत्र आठवडाभर बंद राहिलं. मुलीनं उत्तरात 'होय बाबा, मीच' असं लिहून पाठवलं, तेव्हा कुठे पाकिटाला कात्री लागली. हे त्यांनीच आम्हाला ऑफिसात सांगितलं, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. आम्ही मात्र बरेच दिवस त्यावर हसत होतो.

परभणी जिल्ह्यातल्या कालव्याच्या एका ऑफिसात ते आवक-जावक बघायचे. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पेशकार हे पद निजामाच्या राज्याबरोबरच गेलं होतं, पण यांची नोकरी त्या राज्याच्या अखेरीला सुरू झालेली, शिक्षण सगळं उर्दूतून, म्हणून नाव तेच चिकटलं. उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट घालायचे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे. आणि कुठलीही गोष्ट तस्दीक केल्याशिवाय, म्हणजे खातरजमा केल्याशिवाय, खरी मानायचे नाहीत. एस.टी.वर परभणीची पाटी असली तरी आधी कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, मग खिडकीत बसलेल्या एखाद्या बाईला, आणि तिघांचं एकमत झालं की पायरीवर पाय ठेवायचे. यात त्यांच्या दोन-तीन गाड्या चुकलेल्या मी स्वतः पाहिल्यात.

जोडकार्डाची पद्धत त्यांनी काढली ती एका साहेबामुळे. त्या काळी ती कार्डं फार यायची. देवीनं दृष्टान्त दिला आहे, हे पत्र एकवीस जणांना पाठवा, पाठवणाऱ्याला धनलाभ झाला, फाडणाऱ्याचा मुलगा दगावला. असलं एक कार्ड साहेबांच्या टेबलावर गेलं. साहेब इंजिनिअर, पण घाबरले, आणि आम्हा कारकुनांना कामं बाजूला ठेवून एकवीस कार्डं लिहायला बसवलं. पेशकारांनी आपल्या वाट्याची लिहिली आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, की यापुढे अनोळखी माणसाचं टपाल साहेबापुढे जाणार नाही. निनावी अर्ज, भावानं भावाच्या नावानं केलेल्या खोट्या तक्रारी, बियाणंवाल्यांची पत्रकं, सगळ्यांना एकच चाळण.

चाळण अशी. ज्याचं नाव त्यांच्या लाल कापडाच्या वहीत आहे त्याचं पाकीट लगेच उघडायचं. ज्याचं नाही, त्याचं पाकीट न उघडता लाकडी पेटीत ठेवायचं आणि पाठीवरच्या पत्त्यावर जोडकार्ड टाकायचं. जोडकार्ड म्हणजे पोस्टात मिळणारं दोन कार्डांचं जोडपं, एक जायला, एक उत्तर यायला. त्यावर सायक्लोस्टाइल केलेला मजकूर असायचा: 'आपले पत्र पोहोचले. ते आपणच लिहिले असल्यास सोबतच्या कार्डावर आपल्या हाताने नाव लिहून पाठवावे. तोवर पत्र बंद राहील.' खाली फक्त जावक क्रमांक. उत्तर आलं की त्या माणसाचं नाव वहीत चढायचं आणि पुन्हा त्याला जन्मात कुणी विचारायचं नाही. देवीचे भक्त आणि खोटे तक्रारदार कधीच उत्तर द्यायचे नाहीत. साहेबांचं टेबल महिनाभरात मोकळं झालं.

माझं नाव त्या वहीत चढायला तीन महिने लागले, आणि मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसत होतो.

पद्धतीत भोकं होती, ती एकेक करून समोर आली. येलदरीकडच्या एका म्हाताऱ्यानं एकच अर्ज चार प्रती काढून आमच्याच ऑफिसातल्या चार टेबलांना पाठवला. चारही पाकिटं पेशकारांकडे आली आणि चार जोडकार्डं त्याला गेली. म्हातारा स्वतःच गाडीत बसून आला, चारही कार्डं टेबलावर मांडली आणि म्हणाला, "चारी कार्डाला मीच हाय. आता काय नाचून दाखवू का?" पेशकारांनी त्याला खुर्ची दिली, स्वतः उठून पाणी दिलं आणि माफी मागितली. मग मला वही काढायला लावून त्यांनी नवा नियम सांगितला, की एकाच अर्जाच्या प्रतींना वेगवेगळं विचारायचं नाही, आणि जिथे मूळ अर्ज दुसऱ्या ऑफिसात असून आपल्याकडे फक्त माहितीसाठी प्रत आली असेल तिथे मुळीच विचारायचं नाही.

नियम लिहायचं काम माझं होतं. त्यांचं देवनागरी अक्षर थोडं अडखळायचं, आणि माझं अक्षर चांगलं. म्हणून सगळे नियम माझ्याच हातचे आहेत. हे पुढे लागणार आहे.

सेलूकडच्या एका ऑफिसातल्या कारकुनानं कुठल्याशा बैठकीत ही पद्धत ऐकली आणि आपल्याकडे सुरू केली. त्याचं एक पाकीट आमच्याकडे आलं. तो वहीत नव्हता, म्हणून पेशकारांनी जोडकार्ड टाकलं. पेशकारही त्याच्या वहीत नव्हते, म्हणून त्यानं ते कार्ड पेटीत टाकून यांना जोडकार्ड पाठवलं. ते अनोळखी माणसाचं टपाल म्हणून इकडच्या पेटीत गेलं आणि तिकडे आणखी एक गेलं. दीड महिना दोघं एकमेकांना तुम्ही कोण म्हणून विचारत होते. शेवटी कुणीतरी निरोप पोहोचवला आणि दोघं देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात भेटले. एकमेकांसमोर सह्या केल्या, चहा प्याले, परत आले. पाकीट उघडलं तर त्यात कालवा कधी बंद राहणार याची सूचना होती, आणि तोवर कालवा बंद होऊन पुन्हा सुरूही झाला होता. पेशकार म्हणाले, देर झाली, पण तस्दीक झाली.

इतकं सगळं हसण्यावारी नेता येतं. सातवा नियम मात्र नाही.

कधीकधी अर्ज थेट आमच्याकडे यायचा नाही. माणूस वरच्या ऑफिसला लिहायचा, आणि वरचं ऑफिस ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून आमच्याकडे फिरवायचं, वर एक चिठ्ठी जोडून: अमुक गावच्या अमुक इसमाचा अमुक विषयाचा अर्ज, पुढील कार्यवाहीसाठी. इथे विचारायचं कुणाला? पाठवणारं ऑफिस तर ओळखीचं, पण लिहिणारा अनोळखी. पेशकार दोन दिवस यावर विचार करत होते. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'फिरून आलेले पाकीट तेवढे आधी उघडावे. वरची चिठ्ठी मानू नये. आतल्या अर्जात लिहिणाऱ्याने जो पत्ता दिला असेल त्यावरच विचारावे. कार्ड उघडे असते, म्हणून त्यावर क्रमांकाशिवाय विषयाचा एक शब्दही लिहू नये.' तोंडी ते म्हणाले, "पाकीट कोन्या हातानं आलं ते बघू नका. कलम कुनाची ते बघा." मला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि ते ऑपरेशनसाठी रजेवर गेले. वही, पेटी आणि जोडकार्डांचा गठ्ठा माझ्याकडे आला. साहेब नवे होते, तडफदार, आणि मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. पेटी तुंबलेली बघून मी ठरवलं, की पेशकार यायच्या आत ती रिकामी करून दाखवायची.

त्यातच एक फिरून आलेलं पाकीट होतं. वरच्या चिठ्ठीवर माणसाचं नाव, गावाचं नाव आणि विषय: कालव्याची चारी फोडून पाणी वस्तीत सोडल्याबाबत, खात्याचा कर्मचारी सामील असल्याबाबत. नामांतराचे दिवस होते. गावागावांत वस्ती आणि गाव एकमेकांकडे बघत नव्हते, कधी काय पेटेल सांगता येत नव्हतं. मी लिंगायताच्या दुकानदार घरातला, गळ्यात लिंग, घरात सगळं शिवपूजेचं वातावरण, आणि स्वतःला मी चांगला माणूस समजत होतो. तरी चिठ्ठीवरचं आडनाव वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आणखी एक आला. ते मनात आलं हे मी आज लिहू शकतो, तेव्हा ते मला दिसलंसुद्धा नाही. आतलं पाकीट मी उघडलं नाही. अनोळखी माणसाचं पाकीट उघडायचं नाही हा नियम तेवढा मला आठवला. चिठ्ठीवरच्या गावाच्या पत्त्यावर मी जोडकार्ड लिहिलं, आणि त्या माणसाला नीट कळावं म्हणून क्रमांकाखाली सुवाच्य अक्षरात पूर्ण विषयही लिहिला.

पंधरवड्यात उत्तराचं कार्ड आलं. 'सदर अर्ज मी केलेला नाही.' खाली जांभळ्या शाईतला अंगठा. मला आनंद झाला. चाळणीत एक खोटा अर्ज सापडला होता, आणि तोही माझ्या हातून. पाकीट तसंच बंद ठेवून मी ते कार्ड त्याला टाचलं आणि निकाली काढलं.

पेशकार परत आले ते डोळ्यावर जाड काळा चष्मा लावून. पेटी रिकामी बघून त्यांनी मला शाबासकी दिली. मग सवयीप्रमाणे निकाली निघालेलं एकेक पाकीट हातात घेऊन तपासायला लागले. त्या कार्डापाशी थांबले. फिरून आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी कात्री घेतली आणि पाकीट उघडलं.

आत दोन पानी अर्ज होता. वर जयभीम, आणि खाली मोत्यासारखं अक्षर, माझ्यापेक्षा चांगलं. वरच्या मालकानं चारी फोडून पाणी आपल्या उसात घेतलं आहे, जास्तीचं पाणी आमच्या घरांत सोडतो, दोन घरांच्या भिंती बसल्या आहेत, आपल्या खात्याचा माणूस हे उभा राहून बघतो. शेवटी झोकदार सही. सहीच्या खाली एक ओळ, खाली रेघ मारलेली: 'कृपया उत्तर गावच्या पत्त्यावर पाठवू नये. गावात कळल्यास आम्हाला राहू देणार नाहीत.' आणि त्याखाली शेजारच्या गावातल्या एका शाळामास्तरांचा पत्ता.

पेशकारांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी ते कार्ड ठेवलं. इकडे सही, तिकडे अंगठा.

"ह्या मानसाला लिवता येतंय," ते म्हणाले. "मग अंगठा कामून?"

मी म्हणालो, पाकीट उघडायचं नाही असा नियमच आहे. त्यांनी वही काढली, सातवा नियम उघडला आणि माझं अक्षर माझ्यासमोर धरलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गावी गेलो. एस.टी.त बसताना त्यांनी कंडक्टरला काही विचारलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. फाट्यावरून पायी गेलो. वस्तीत घराची एक भिंत खरंच बसलेली होती, ओल अजून वर चढलेली. दारात त्याची आई होती. आम्ही कुठून आलो हे सांगितल्यावर ती आत गेली नाही आणि आम्हाला या म्हणालीही नाही. तिनं उभ्याउभ्या सांगितलं. टपालवाला पंचायतीच्या ओट्यावर बसून सगळ्यांचं टपाल मोठ्यानं वाचतो, तसंच त्यानं तेही कार्ड वाचलं. मग गावातल्यांनी तिच्या लेकाला बोलावून नेलं. पीठगिरणी, किराणा, शेतातलं काम, सगळं त्या दिवसापासून वस्तीला बंद झालं.

"लेक माजा मॅट्रिक हाय," ती म्हणाली. "सही करतो म्हनला. तर म्हनले, तुला सही कामून, तू अंगठा दे. चौघांनी हात धरला तेचा."

तो आठवड्याभरात गाव सोडून गेला होता. कुठे, ते तिला माहीत नव्हतं, किंवा आम्हाला सांगायचं नव्हतं. तो गेल्यावर गिरणी पुन्हा सुरू झाली.

पेशकार तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या मागे उभा होतो. कार्ड मी लिहिलं होतं हे तिथे सांगायला हवं होतं, आणि मी पायाखालच्या ओल्या मातीकडे बघत राहिलो. परतताना आम्ही त्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी एवढंच सांगितलं, की अर्ज टाकल्यापासून तो रोज संध्याकाळी दोन कोस चालत येऊन विचारायचा, उत्तर आलं का. वरच्या ऑफिसला आता मास्तरांनी स्वतःच्या नावानं लिहिलं होतं.

त्या पत्राची चौकशी आमच्या साहेबांकडे आली. साहेबांनी पेशकारांना आणि मला आत बोलावलं आणि विचारलं, कार्ड कुणी पाठवलं. कार्ड गेलं तेव्हा पेशकार दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधून पडले होते, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"पद्धत माझी हाय, साहेब," ते म्हणाले. "तवा कार्डबी माझंच."

साहेबांना तेवढं पुरेसं होतं. निवृत्तीला पाच महिने राहिलेल्या माणसाला लेखी ठपका मिळाला, जोडकार्डांचा गठ्ठा जप्त झाला, आणि त्यांचा निरोपसमारंभ कुणी केला नाही. चारी मात्र दुरुस्त झाली. मी त्या पाच महिन्यांत रोज त्यांच्या शेजारी बसलो. ते मला पूर्वीसारखंच पान द्यायचे, पूर्वीसारखंच तुमी म्हणायचे. त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आपण वाचलो याचं मला इतकं बरं वाटत होतं, की लाज वाटायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

ते परभणीत राहायला गेले. माझी बदली झाली. पहिल्या दिवाळीला मी त्यांना शुभेच्छांचं पत्र पाठवलं. उलट टपाली जोडकार्ड आलं. तोच मजकूर, या वेळी त्यांच्या अडखळत्या अक्षरात: ते आपणच लिहिले असल्यास नाव लिहून पाठवावे, तोवर पत्र बंद राहील. म्हणजे लाल वहीतून त्यांनी माझं नाव खोडलं होतं. खाली एक जावक क्रमांक होता. तो क्रमांक मला पाठ होता. वस्तीत गेलेल्या कार्डाचा होता तो. विषयाचा एक शब्दही नव्हता. पोस्टमननं वाचलं असतं, माझ्या बायकोनं वाचलं असतं, ऑफिसात पडलं असतं, तरी कुणाला काही कळलं नसतं. ज्याच्या कार्डावर मी विषय लिहून मोकळा झालो होतो त्या माणसाची मी जी गुप्तता राखली नाही, ती त्यांनी माझी राखली.

उत्तराचा भाग कोरा होता. त्यावर फक्त सही करायची होती. मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्यानंतरही मी त्यांना पत्रं लिहिली. मुलगा झाल्याचं, बढती मिळाल्याचं, प्रकृतीची चौकशी करणारं. उत्तर आलं नाही. शेवटी एकदा चार पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, चिठ्ठीवरचं आडनाव वाचून मनात काय आलं होतं तेही लिहिलं, माफी मागितली, आणि ते जाड पाकीट पोस्टात टाकून मी हलका झालो. लोकांना सांगायलासुद्धा लागलो, की मी पेशकारांपाशी सगळं कबूल केलंय.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी परभणीला त्यांच्या घरी गेलो. मुलगी आलेली होती, तीच, जिला त्यांनी 'आपणच काय' म्हणून विचारलं होतं. तिनं लाकडी पेटी आणली आणि त्यातून सुतळीनं बांधलेली माझी पाकिटं काढून माझ्या हातात दिली. प्रत्येकावर पोहोचल्याची तारीख त्यांनी उर्दू आकड्यांत घातली होती. एकही फोडलेलं नव्हतं. जाड पाकीट सगळ्यांत खाली होतं.

"बाबा रोज पोस्टमनला विचारायचे," ती म्हणाली, "कार्ड आलंय का."

मी तिला सांगितलं नाही, की यात माझी कबुली आहे. कारण ती कबुली नव्हतीच. पद्धत मला पाठ होती, नियम माझ्याच अक्षरात होते. कार्डाचं उत्तर आल्याशिवाय ते पाकीट उघडणार नाहीत, हे त्याला डिंक लावतानाच मला माहीत होतं. त्या कार्डावर नुसतं नाव लिहायला काय लागलं असतं? मला लिहिता येत होतं, आणि माझा हात कुणी धरलेला नव्हता.